युद्धाच्या दिवसांत धंद्यानं काय बोलावं, काय बोलू नये: सांगली-साताऱ्यातून वारंवार येणारे प्रश्न

पहलगामचा हल्ला, ऑपरेशन सिंदूर आणि नंतरचे ते चार दिवस यांनी एक गोष्ट उघड केली. आपल्याकडच्या बहुतेक धंद्यांकडे फेसबुक पेज आहे, इन्स्टा आहे, व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. पण अशा वेळी त्यावर काय टाकायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. तेव्हापासून हळदीचे अडते, बेदाण्याचे निर्यातदार, सराफ, पेढेवाले, फरसाणवाले आणि कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. हातात नोटीस पडली असेल तर हे पान बंद करा आणि वकील गाठा.

१. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की सगळ्या जाहिराती बंद करायच्या का?

नाही. आधी थांबवायच्या त्या वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट, पैसे भरून चालवलेल्या जाहिराती आणि आपोआप जाणारे मेसेज. आणि तेही तपासून होईपर्यंतच. ७ मे २०२५ च्या पहाटे लोक झोपेतून उठले ते हवाई हल्ल्यांच्या बातम्या बघत. त्याच वेळी तुमच्या पेजवरून 'धमाका! किमतींवर सर्जिकल स्ट्राइक!' असं काही गेलं, तर ते आठवड्यापूर्वी लावून ठेवलं होतं हे कुणाला कळणार नाही. मालकानं मुद्दाम टाकलं असंच समजलं जाईल.

चाळणी सोपी आहे. धमाका, स्फोटक, हल्लाबोल, बॉम्ब ऑफर हे शब्द काढा. नाचगाण्याच्या रील्स मागे ठेवा. दुकानाची वेळ, आलेला माल, ओपीडीचे वार, क्लासच्या परीक्षेची तारीख हे सगळं चालू राहू द्या. लोकांना दूध, औषध आणि पोरांच्या शाळेची वह्यापुस्तकं युद्धातही लागतात. त्याची माहिती देण्यात वावगं काही नाही.

२. निर्णय कुणी घ्यायचा? पेज भाचा बघतो, जाहिराती पुण्याची एजन्सी, आणि व्हॉट्सअॅप काउंटरवरचा मुलगा.

एकानं. तो मालकच असला पाहिजे असं नाही, पण रात्री अकरालाही फोन उचलणारा हवा. त्याच्या होकाराशिवाय कुणी काही टाकायचं नाही, हे तिघांनाही आजच सांगून ठेवा. पासवर्ड कुणाकुणाकडे आहेत याची यादीही आजच करा. निम्म्या दुकानांत सोडून गेलेला पोरगा अजून अॅडमिन असतो.

३. 'आम्ही सैन्यासोबत आहोत' अशी पोस्ट टाकायलाच हवी का? नाही टाकली तर लोक काय म्हणतील?

टाकायलाच हवी असं काही नाही, आणि माझ्या मते बहुतेकांनी टाकू नये. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या जवानांचं स्मारक गावात आहे. कोरेगाव, खटाव, माण, कवठेमहांकाळ, जत, कुठंही जा, गल्लीत एखादं घर फौजीचं असतंच. तुमची पोस्ट त्या घरातली आई वाचणार आहे. तिचा मुलगा जम्मूकडे आहे, फोन लागत नाही, आणि समोर रायफलधारी जवानाच्या चित्राखाली तुमच्या मसाल्याचा लोगो. ही पोस्ट तिच्या कामाची आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

तरीही टाकायची असेल तर दोन ओळी, साध्या अक्षरात. फोन नंबर नको, 'आजच भेट द्या' नको. आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ही ओळ कृपा करून सोडा. १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा तिला अर्थ होता. देवराष्ट्र्याच्या त्या माणसाबद्दलची ओळ टाइल्सच्या शोरूमच्या बॅनरवर शोभत नाही.

फौजी कुटुंबांसाठी खरंच काही करता येत असेल तर ते करा आणि तेवढंच सांगा. घरपोच सामान, बिलाला मुदत, दवाखान्यात रांगेशिवाय नंबर. देणगीबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. तिरंगा, जवानाचा फोटो, मोहिमेचं नाव जाहिरातीत वापरलं तर चालतं का?

तिरंगा: नाही. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार राष्ट्रध्वज कुठल्याही जाहिरातीत वापरता येत नाही, त्यावर अक्षरं लिहिता येत नाहीत, आणि ध्वजस्तंभाला जाहिरातीचा फलकही बांधता येत नाही. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा व्यापारासाठी होणाऱ्या वापराला वेगळी मनाई करतो. त्या कायद्याच्या अनुसूचीत पंतप्रधानांचं नाव आणि चित्र आहे, तसंच छत्रपती शिवाजी महाराजांचंही आहे. आपल्या भागातल्या चौकाचौकातले फ्लेक्स बघता हे फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही.

जवानाचा फोटो: ओळखू येईल असा चेहरा, छातीवरची नावपट्टी, पलटणीचं चिन्ह यांतलं काहीही नको. मॉडेलला वर्दी घालून उभं करणं त्याहून वाईट. सैनिक नसताना सैनिक असल्याचं भासवण्यासाठी वर्दी घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नव्हता हे नंतर पोलीस ठाण्यात बसून समजावण्यात कसला शहाणपणा?

मोहिमेचं नाव: ७ मे २०२५ ला 'ऑपरेशन सिंदूर' हे नाव जाहीर झालं आणि त्याच दिवशी ते ट्रेडमार्क म्हणून मिळावं यासाठी अर्ज दाखल व्हायला लागले. एका बड्या उद्योगसमूहाच्या मनोरंजन कंपनीनं टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी अर्ज मागे घेतला आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून तो चुकून गेला, असं सांगितलं. एवढ्या मोठ्या घराला जे निभावता आलं नाही, ते एखाद्या थाळीला किंवा साडीला ते नाव देऊन आपल्याला निभावेल असं समजू नका. ब्रँडचं नाव आधीपासूनच तसं असेल तर प्रश्न १४.

५. हल्ला २२ एप्रिलला झाला, अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. सराफी दुकानानं अशा वेळी काय करायचं?

विक्री करायची, जल्लोष करायचा नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक दिवस आहे आणि पुढं घरात लग्न आहे. लोक सोनं घेणारच. 'अक्षय्य तृतीयेला दुकान सकाळी ९ ते रात्री ९ उघडं राहील, आगाऊ नोंदणीचे दागिने तयार आहेत' एवढं पुरे. ढोल-ताशा, पाहुणी अभिनेत्री, लकी ड्रॉचा स्टेज पुढं ढकला. नव्या शाखेचं उद्घाटन ठरलं असेल तर सत्यनारायण घालून कुलूप उघडा आणि कार्यक्रम महिनाभरानं करा.

६. विक्रीतला काही भाग जवानांसाठी देणार असं जाहीर केलं तर?

चांगलं आहे, पण हिशेब आधी, पोस्ट नंतर. 'काही भाग' हा शब्दच वापरू नका. किती रुपये किंवा किती टक्के, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कुठं देणार, या तीन गोष्टी लिहायच्या. राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ पासून आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शहीद कुटुंबांसाठी 'भारत के वीर' आहे. जिल्ह्यातच द्यायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी तेच गोळा करतात.

पैसे भरल्यावर पावतीचा फोटो टाका. हे मिरवणं नाही, हिशेब देणं आहे. जाहीर करून न देणं मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतं आणि त्याला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. माझं मत विचाराल तर गुपचूप द्यावं आणि वर्षाच्या ताळेबंदात दाखवावं. पण ग्राहकाच्या खिशातून देणार असाल तर त्याला सांगणं भाग आहे.

७. माजी सैनिकांना दहा टक्के सूट ठेवू का?

ठेवा, पण कायमची. लढाईपुरती सूट म्हणजे लढाईच्या नावावर सेल. ओळखपत्र बघून द्या, वीरपत्नींनाही द्या, आणि काउंटरवर एक छोटा बोर्ड लावा. त्याची रील नको.

८. साखर, तेल, पेट्रोल संपणार अशा अफवांमुळे दुकानासमोर रांग लागली. काय लिहू?

पूर आला की आपण आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आकडा बघतो, व्हॉट्सअॅपवरच्या 'कोयनेतून प्रचंड पाणी सोडलं'ला भुलत नाही. निदान २०१९ नंतर तरी आपण तेवढं शिकलो. साठ्याचंही तसंच. 'घाबरू नका' या शब्दांनी कुणी शांत होत नाही, आकड्यानं होतो. मे २०२५ मध्ये इंडियन ऑइलनं देशभर इंधनाचा साठा भरपूर आहे, घाईनं भरून ठेवायची गरज नाही असं उघड सांगितलं. ते तुमच्या दुकानाच्या पातळीवर असं होईल:

'नमस्कार. आज दुकानात साखर, तेल आणि डाळींचा नेहमीचा साठा आहे. पुढची गाडी गुरुवारी येईल. भाव कालचाच आहे. एका कार्डावर तेलाचे दोन डबे देत आहोत, म्हणजे सगळ्यांना मिळतील.'

यातलं एकही वाक्य खोटं असता कामा नये. गुरुवारी गाडी आली नाही तर गुरुवारीच संध्याकाळी तसं सांगा. आणि माल दाबून ठेवून वर हा मेसेज टाकणार असाल, तर हा प्रश्न जाहिरातीचा नाही, पुरवठा खात्याचा आहे.

९. सायरनचा आवाज, लढाऊ विमानांचे व्हिडिओ रीलमध्ये घेतले तर जास्त चालतात. घ्यायचे का?

नाही. १० मे २०२५ ला नागरी संरक्षण विभागानं माध्यमांना सांगितलं होतं की जनजागृतीचे कार्यक्रम सोडून हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज वापरू नका. आवाज रोजचा झाला की खऱ्या वेळी कुणी उठत नाही. जो नियम वाहिन्यांना, तोच शहाणपणानं दुकानालाही लावावा.

लष्कराच्या हालचालींचं चित्रण हा त्याहून गंभीर भाग आहे. ९ मे २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं माध्यमांबरोबर सामान्य माणसांनाही सांगितलं की सुरक्षा दलांच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका. त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहारची आठवण दिली होती. मिरज जंक्शनला लष्कराची गाडी थांबली, महामार्गावर ताफा दिसला, तर खिशातला मोबाइल खिशात राहू द्या. एमआयडीसीतले जे कारखाने संरक्षण खात्यासाठी सुटे भाग करतात, त्यांनी तर 'आमचा भाग त्या क्षेपणास्त्रात आहे' असं अभिमानानंही लिहू नये. करारात गोपनीयतेचं कलम असतंच. ते काढून वाचा.

फॉरवर्ड आलेला हल्ल्याचा व्हिडिओ व्हिडिओ गेममधलाही असू शकतो. त्या आठवड्यात असे पुष्कळ फिरले. धंद्याच्या खात्यावरून कुठलाही फॉरवर्ड पुढं पाठवायचा नाही, खरा असला तरी.

१०. युद्धामुळे कच्चा माल महागला, आम्ही भाव वाढवतोय. 'युद्धामुळे' असं लिहू का?

खरं असेल तर लिहा, आणि साखळी दाखवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा फरसाणवाल्यांना हे सांगणं सोपं होतं. आपलं बहुतांश सूर्यफूल तेल युक्रेनहून येत होतं, ते अडलं, डबा महागला. ग्राहकाला हे समजतं. पण ज्याची भट्टी शेंगदाणा तेलावर आहे आणि गोदामात जुना साठा आहे, त्यानंही त्याच आठवड्यात 'युद्धामुळे' भाव वाढवला तर गल्लीतली काकू दोन दिवसांत हिशेब मांडते.

किती वाढवला ते रुपयांत लिहा. पाकिटातलं वजन कमी केलं असेल तर तेही लिहा. आणि तेल उतरल्यावर भाव उतरवणार का, हे आज ठरवा, कारण तेव्हा विचारणारे विचारतातच.

११. द्राक्षं, बेदाणा, हळद बाहेर पाठवतो. परदेशातल्या खरेदीदाराला काय कळवायचं?

त्यानं विचारण्याआधी कळवायचं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागली. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी वाढला. २०२४ चा द्राक्ष हंगाम नेमका त्यात सापडला. हळद आणि बेदाणा थांबू शकतात, द्राक्ष थांबत नाही. म्हणून दोन्हींची पत्रं वेगळी.

द्राक्षाच्या पत्रात कंटेनर न्हावाशेवाहून कधी निघाला, कुठल्या मार्गानं, नवी अपेक्षित तारीख, काढणीच्या वेळची साखर आणि तापमानाची नोंद. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पत्रात साठा शीतगृहात सुरक्षित आहे, भाड्यातली वाढ किती आणि ती कुणी सोसायची हे करारात काय आहे. अपरिहार्य परिस्थितीचं कलम लागू होतंय असं म्हणायचं असेल तर आधी वकिलाला दाखवा. ते वाक्य मेलमध्ये सहज टाकायचं नसतं.

युद्धात कुणाची बाजू बरोबर यावर एक अक्षरही नको. तुमचा एक खरेदीदार दुबईत, दुसरा रॉटरडॅमला, तिसरा आणखी कुठं. प्रत्येकाकडचा सेल्समन वेगळ्या देशातला असतो. सगळ्यांना पाठवलं तरी चालेल असं पत्र लिहा.

१२. बहिष्काराची लाट आली आणि आमच्या मालाचा, नावाचा किंवा पुरवठादाराचा संबंध 'त्या' देशाशी लागतोय. काय करू?

आधी संबंध खरा आहे का ते बघा. खरा असेल तर लपवू नका. उदाहरण सैंधव मिठाचं. उपवासाच्या पदार्थांत ते वापरतात आणि मोठा भाग पाकिस्तानातून यायचा. २ मे २०२५ ला केंद्रानं पाकिस्तानातून होणारी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष आयात बंद केली. तेव्हा दुबईमार्गे आलं ही पळवाटही उरली नाही. तुमच्याकडे जुना साठा असेल तर तो बंदीपूर्वीचा आहे याची बिलं ठेवा, नवा पुरवठा कुठून ते पाकिटावर लिहा, आणि विचारणाऱ्याला दोन वाक्यांत सांगा.

संबंध नुसता नावाचा असेल तर गोष्ट अवघड होते. हैदराबादची कराची बेकरी १९५३ मध्ये फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी कुटुंबानं काढली. तरी २०१९ मध्ये बेंगळुरूच्या शाखेला पाटीवरचं नाव झाकावं लागलं आणि मे २०२५ मध्ये हैदराबादजवळच्या शाखेवर हल्ला झाला. तुमच्या नावात असं काही असेल तर दुकानाचा इतिहास शांत दिवसांतच भिंतीवर आणि वेबसाइटवर असू द्या. दगड आल्यावर सांगितलेला इतिहास सारवासारव वाटतो.

उलट बाजूही पाहा. पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार पडला तेव्हा तासगावच्या काहींना वाटलं, आता 'परदेशी बेदाणा फेका' अशी मोहीम काढू. आपल्या बेदाण्याची चव, प्रत आणि भौगोलिक मानांकन सांगा की. दुसऱ्याच्या मालावर देशद्रोहाचा शिक्का मारून विकलेला बेदाणा पुढच्या वर्षी कशावर विकणार?

१३. आमच्या गावचा जवान शहीद झाला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर दुकानाचं नाव टाकायचं का? आणि आमच्या एका मुस्लिम कामगाराबद्दल पेजवर घाण कमेंट येताहेत, त्यांचं काय?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण एकाच दिवशी येतात म्हणून एकत्र ठेवले.

फ्लेक्सवर दुकानाचं नाव नको. मालकाचा हात जोडलेला फोटोही नको. बातमी फिरायला लागली तरी लष्कराकडून कुटुंबाला अधिकृत कळेपर्यंत एक शब्द टाकायचा नाही. बायकोला सांगितलेलं नसतं आणि स्टेटस मात्र लागलेले असतात. हे घडतं. कळल्यानंतर 'आज दुकान बंद राहील' एवढीच पोस्ट. गावातल्या पार्थिवाच्या मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण व्यवसायाच्या पेजवरून करू नका. मदत करायची तर मंडप, पाणी, बाहेरगावच्या पाहुण्यांचं जेवण, येणाऱ्या गाड्यांची सोय. ज्यांनी गावात हे पाहिलंय त्यांना कामांची यादी सांगावी लागत नाही. फोटो आणि नाव वापरायचं असेल, वर्षभरानं स्मृतिदिनालासुद्धा, तर घरच्यांना विचारूनच.

कमेंटबाबत: वाद घालू नका, 'तो चांगला मुसलमान आहे' असला खुलासा तर मुळीच नको. तो तुमचा कामगार आहे, त्याला प्रमाणपत्राची गरज नाही. स्क्रीनशॉट घ्या, कमेंट काढा, लिहिणाऱ्याला ब्लॉक करा. धर्माधर्मांत वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि अफवा पसरवणं कलम ३५३ खाली येतं. धमकी असेल तर सायबर पोलिसांकडे द्या. त्याच दिवशी त्या कामगाराला जवळ बसवून चहा पाजा आणि घरी सोडायला कुणाला तरी सोबत द्या. उलट तुमच्याच एखाद्या कामगारानं स्वतःच्या खात्यावरून असं काही लिहिलं असेल, तर त्याला आधी खासगीत काढायला लावा. पेजवर जाहीर माफी दुकानाच्या नावानं तेव्हाच, जेव्हा त्यानं दुकानाचा गणवेश किंवा नाव वापरलेलं असेल.

१४. आम्ही कुंकू-सिंदूरच विकतो. आमच्या डबीवर वर्षानुवर्षं तो शब्द आहे. आता काय करायचं?

काही बदलू नका. डबी, रंग, अक्षरं जशी आहेत तशी ठेवा. शब्द तुमच्या मालाचा आहे, मोहिमेमुळे तो तुमच्याकडून गेलेला नाही. फक्त त्या काळात नवी जाहिरात काढू नका, डबीवर विमान किंवा वर्दी छापू नका, 'मूळ सिंदूर आमचंच' असला विनोद करू नका, आणि ऑनलाइन जाहिरातीत मोहिमेशी जोडलेले शोधशब्द लावू नका. एखाद्या डीलरनं परस्पर तसं बॅनर छापलं तर त्याला लेखी काढायला सांगा, कारण फोटोत नाव तुमचंच दिसणार.

१५. युद्धविराम झाला. आता नेहमीसारखं सुरू करू?

एक रात्र तरी थांबा. १० मे २०२५ ला संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला आणि त्याच रात्री सीमेवर ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी साडेसहाला फटाक्यांचे फोटो टाकले त्यांना नऊला काढावे लागले. ९ मेला थांबलेली आयपीएलसुद्धा १७ तारखेला परत सुरू झाली. 'विजय ऑफर' कधीच नको. आधी साध्या माहितीच्या पोस्ट, मग नेहमीच्या, आणि ढोल-ताशा सगळ्यात शेवटी. थांबवलेल्या जाहिराती एजन्सीनं खरंच थांबवल्या होत्या का, की त्या दिवसांचंही बिल लावलंय, तेही याच आठवड्यात तपासा.